कणगीच्या तोंडावरचा हात

पाच महिने झाले, इंद्रजीत माझ्या पोटाला पाठ टेकून बसतो. बसतो म्हणजे बसतोच. सकाळी चहाचा कप घेऊन बसतो, दुपारी मोबाइल घेऊन बसतो, आणि त्या मोबाइलमधला माणूस जगाचा शेवट आला म्हणून घसा फोडून ओरडत असतो. मित्रांनो, घरात खुर्ची आहे. भिंती तर चार आहेत. पण याला टेकायला मीच सापडते. मी कणगी आहे, लोड-तक्क्या नाही.

कणगी म्हणजे काय हे तुमच्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसेल. तुमच्याकडे आता निळी प्लास्टिकची पिंपं आली. बांबूच्या कामट्या विणून, आतून-बाहेरून शेणमातीने लिंपून, भात साठवायला जी उंच टोपली करतात ती मी. माझी उंची धोंडाबाईच्या छातीला लागते. मी घरात आले तेव्हा ती या घरातली नवी सून होती. आज ती म्हातारी झाली आहे आणि मी जुनी झाले आहे. दोघींपैकी कुणीही ते कबूल करत नाही.

मला विणलं धाऊने. मुरबाडच्या पलीकडे, घाटाच्या पायथ्याशी त्याचा पाडा होता. विणून झाल्यावर त्याने मला आडवी पाडली, माझ्यावर चढून बसला आणि निवांत विडी ओढली.

"मोडली तर माझी," तो धोंडाबाईला म्हणाला, "नाय मोडली तर तुझी."

मी मोडले नाही. धोंडाबाईने मला डोक्यावर घेऊन शहापूरच्या अलीकडच्या या गावापर्यंत आणलं. वाटेत कुणी म्हटलं, "काय गो, एवढी मोठी कशाला? एवढं पिकतं का तुमच्यात?" तर ही म्हणाली, "पिकंल. तू मोजाया ये." तिची जीभ तेव्हाही अशीच होती. तिच्या सोबत चाळीस-पंचेचाळीस वर्षं काढली म्हणून ती मलाही लागली. राग मानू नका.

माझे कामाचे दिवस मोठ्या मानाचे होते. पेरणी जवळ आली की अकरा घरांतून बायका सूप घेऊन यायच्या. "धोंडाबाय, तुमच्या कणगीतलं बी दे गो. तुमचं बी फसत नाय." मी ऐकायची आणि फुगायची. फुगायला जागाही नव्हती, पोट भरलेलं असायचं. मग दुकानात पिशवीतलं बी मिळायला लागलं. बायका येईनाशा झाल्या. माझ्यावर जुनी गोधडी टाकली, मग फुटकी बादली ठेवली, मग एका मांजरीने माझ्यात पिल्लं घातली. त्या वर्षाबद्दल मी जास्त बोलणार नाही.

मला पुन्हा उभी केली ती वंदनाने. वंदना म्हणजे इंद्रजीतची बायको, धोंडाबाईची धाकटी सून. माहेर मुरबाडकडचं. लग्नात तिच्यासोबत कपाट आलं, मिक्सर आला, आणि एका गाठोड्यात पायलीभर तांबड्या दाण्याचं हळवं, लवकर पिकणारं भात आलं. "माझ्या आजीचं बी हाय," ती म्हणाली. इंद्रजीत हसला होता. तिने ते पेरलं, वाढवलं, आणि मला धुऊन, उन्हात वाळवून, लिंपून त्याच्यासाठी तयार केलं. पुढे तिच्या माहेरच्यांनीही दुकानातलं बी घेतलं. तेव्हापासून ते तांबडं भात जगात कुठे असेल तर ते माझ्या पोटात.

आता एक रीत सांगते, कारण सगळं घोडं तिथेच अडलं. बी भरून झालं की कणगीच्या तोंडावर सागाची पानं ठेवायची आणि वरून शेणमातीचा जाड थर द्यायचा. तो ओला असताना घरची बाई त्यावर आपला पंजा दाबते. ज्या हाताने बंद केली त्याच हाताने पेरणीच्या दिवशी उघडायची. मधे कुणी हात लावायचा नाही. गेल्या कापणीनंतर वंदनाने माझं तोंड बंद केलं आणि पंजा उठवला. करंगळी जराशी वाकडी, कारण ती लहानपणी मोडली होती.

पौषात वंदनाला कावीळ झाली. बारा दिवसांत ती गेली.

घरी भंतेजी आले, त्रिशरण-पंचशील झालं, पुण्यानुमोदन झालं. सगळं अनित्य आहे असं सर्वांनी म्हटलं. इंद्रजीतनेही म्हटलं. पण मी त्याच्या पाठीला टेकून होते, म्हणजे तो मला टेकून होता. त्याचे ओठ हलत होते, पाठ मान्य करत नव्हती.

मग तो मोबाइलमधला माणूस आला. तो कोण, कुठला, मला माहीत नाही. हिंदीत बोलायचा. अमक्या तारखेला आकाश उघडणार, कर्णा वाजणार, मेलेले उठणार. आधी त्याने पाडव्याच्या सुमाराची तारीख दिली. ती गेली. मग मेची दिली. तीही गेली. मग म्हणाला, हिशोबात चूक झाली होती, जून संपायच्या आत नक्की. इंद्रजीत भातसानगरला धरणावर कंत्राटी कामाला जायचा. वंदना गेल्यापासून तो गेलाच नाही, चैत्रात त्याने ते सोडलंच. वैशाखात सगळ्या गावाचे राब भाजून झाले. राब म्हणजे रोपांची जागा. तिथे पालापाचोळा, शेण, फांद्या पसरून पेटवायच्या, मग त्या भाजलेल्या मातीत बी पेरायचं. आमचा राब तसाच राहिला. धोंडाबाईने डोक्यावरून पाला आणला, तर हा म्हणाला, "कशाला आये? कापणीला कोण ऱ्हाणार हाय?"

"मी ऱ्हाणार हाय," धोंडाबाई म्हणाली. "मला मरायला टाइम नाय."

पण तिला एकटीला ते उरकलं नाही.

खरी गोष्ट वेगळीच होती, ती त्याने कुणाला सांगितली नव्हती. मला सांगितली होती. एका दुपारी घरात कुणी नसताना तो उठला, माझ्या तोंडावरच्या पंजावर त्याने आपला पंजा ठेवला आणि म्हणाला, "तू बंद केलंस, तूच येऊन उघड." म्हणून तो मला टेकून बसायचा. तो माझा आधार घेत नव्हता, माझी राखण करत होता. धोंडाबाई मला लिंपायला आली तरी तो तिला हात लावू द्यायचा नाही. दर दोन महिन्यांनी माझ्या अंगावर शेणमातीचा हात फिरायला हवा. पाच महिने फिरला नाही. मला भेगा पडल्या.

जूनच्या पहिल्या आठवड्यात वळवाच्या दोन सरी आल्या. माकडांनी आधीच एक कौल सरकवलं होतं. पाणी भिंतीवरून उतरलं, माझ्या बुडाशी आलं आणि भेगांतून आत शिरलं.

मित्रांनो, त्यानंतरचे चार दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. बुडाला ओल. ओलीची ऊब. ऊब वर चढायला लागली. आत दाणा दाण्याला खेटून तापत होता. जगाचा शेवट म्हणाल तर तो माझ्या पोटात चालला होता, आणि बाहेर हा माणूस मला टेकून आकाशाकडे बघत होता. मला तोंड होतं, पण ते बंद केलेलं होतं.

रविवारी दुपारी रश्मी आली. रश्मी म्हणजे धोंडाबाईची नात, थोरल्या रत्नदीपची मुलगी. आसनगावला राहते, मुंबईला विद्यापीठात जुने धर्म शिकते. धोंडाबाईनेच तिला फोन करून बोलावलं होतं. "तुझा काका खुळा झालाय, तू त्यातलंच कायतरी शिकतेस ना, मग ये," एवढंच.

रश्मी जमिनीवर मांडी घालून इंद्रजीतसमोर बसली. थोडा वेळ तिने त्या मोबाइलमधल्या माणसाचं ऐकून घेतलं.

"काका, याची अर्धी वाक्यं याची नाहीत. फार जुन्या पत्रांतून उचललेली आहेत."

"कसली पत्रं?"

"ख्रिस्ती लोकांचं सगळ्यात जुनं लिखाण म्हणजे पत्रं. पौल नावाच्या माणसाची. येशूच्या गोष्टी लिहून काढल्या त्या नंतर. पौलाच्या बहुतेक सगळ्यात पहिल्या पत्रात हे आहे. कर्णा, आकाश, मेलेले उठणं."

इंद्रजीत एकदम ताठ झाला. "म्हंजे खरं हाय ना मग?"

मला वाटलं, झालं, पोरीने आगीत तेल ओतलं. दारात धोंडाबाई अडकित्त्यात सुपारी धरावी तशी नजर रोखून बसली होती.

"आधी ऐक," रश्मी म्हणाली. "हा विचार पौलाने शोधला नाही. तो यहुदी होता. येशू यहुदी, त्याचे पहिले सोबती यहुदी. त्यांच्याही आधी दीड-दोनशे वर्षं त्यांच्या लोकांवर एक परका राजा आला. त्याने त्यांचं देऊळ बाटवलं. जो आपला धर्म पाळील त्याला मारलं. म्हणजे बघ, चांगले होते म्हणून मेले, आणि मारणारे मजेत. तेव्हा त्यांच्यातल्या काही जणांनी लिहिलं की हे असंच राहणार नाही. हा वाईट काळ मोजून दिलेला आहे. तो संपेल, न्याय होईल, आणि मातीत झोपलेले जागे होतील. घाबरवायला नव्हतं लिहिलं, काका. ज्यांची माणसं गेली त्यांच्यासाठी लिहिलं होतं."

"मी दुसरं काय म्हणतो?" इंद्रजीतचा आवाज चिरकला. "तिनं कुणाचं वाईट केलं व्हतं? सांग ना. शेजारच्या सोमीच्या पोराला ताप आला तर रातभर जागली. न्याय कुठं हाय?"

मोबाइलमधला माणूस बोलतच होता.

"पौलाला आणि त्याच्या लोकांना वाटलं, येशू मेलेल्यांतून उठला म्हणजे ते सुरू झालं," रश्मी हळू बोलायला लागली. "पहिली लोंबी हातात आली म्हणजे मागून शेत आलंच, तसं. आता थोडेच दिवस. म्हणून ते वाट बघायला लागले. आणि एका गावात वाट बघता बघता त्यांच्यातली काही माणसं मेली."

इंद्रजीतने मान वर केली.

"मागे राहिलेले घाबरले. आपलं माणूस त्या दिवसाच्या आधीच गेलं, मग त्या दिवशी ते मागेच राहील का? ते पत्र त्यांच्यासाठी आहे. पौल सांगतो, ते मागे राहणार नाहीत, उलट आधी तेच उठतील."

इंद्रजीतने मोबाइल बंद केला. पाच महिन्यांत पहिल्यांदा. माझ्या कामट्यांना ती शांतता टोचली.

"आला का मग तो दिवस?"

"नाही आला, काका. पौलाला वाटत होतं आपल्या जिवंतपणी येईल. नाही आला. नंतरच्या लोकांनी त्याचे वेगवेगळे अर्थ लावले. काही अजून वाट बघतात."

"आमची नर्सबाय हाय ना भातसानगरची, ख्रिस्ती," धोंडाबाई दारातून म्हणाली, "ती पण वाट बघते म्हणं. पण सुई टोचायला टायमावर येते. रश्मी, तुझा तो पत्रवाला पोटाला काय करायचा?"

"तंबू शिवायचा असं म्हणतात, आजी. पत्रात तो स्वतः सांगतो की कुणावर भार नको म्हणून रात्रंदिवस राबलो. आणि त्या गावालाही बजावतो, हाताला काम ठेवा."

"थांब थांब. जग आता संपतंय हे याला पक्कं ठाऊक, आन् हा तंबू शिवत व्हता?"

"हो."

"त्यात ऱ्हाणार कोण व्हतं?"

रश्मीला हसू आलं. धोंडाबाईला आलं नाही. ती उठली. चुलीजवळचं उलथनं घेतलं आणि थेट माझ्याकडे आली.

इंद्रजीत उडी मारून उभा राहिला. त्याने दोन्ही हात पसरले. "हात लावायचा नाय, आये!"

"बाजूला हो. मृग लागून गेला. बी वर्सभर बसलं की जातं."

"नाय उघडायची! तिनं बंद केली. तीच उघडंल. ती येणार हाय!"

हे तो पहिल्यांदा मोठ्याने बोलला. रश्मीने तोंडावर हात घेतला. धोंडाबाईच्या हातातलं उलथनं जागच्या जागी थांबलं. तिने माझ्या तोंडावरचा पंजा पाहिला. वाकडी करंगळी पाहिली.

इंद्रजीत वळला आणि त्याने मला मिठी मारली. लहान पोर आईला बिलगतं तशी. त्याचा गाल माझ्या पोटाला लागला, आणि तो दचकून मागे सरला.

"आये, ही गरम लागते."

त्याच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते मी सांगू शकत नाही. त्याला वाटलं, चमत्कार झाला. त्याला वाटलं, ती आली.

धोंडाबाईने त्याला ढकललं आणि तळहात माझ्या अंगावर दाबला. वर, मग खाली, मग बुडाशी. तिथल्या मातीत तिचं बोट रुतलं.

"मेल्या," ती म्हणाली, "बी तापलंय. ओल गेली आत. किती दीस झाले कोण जाणे. उद्यापर्यंत याचं शेण व्हईल."

"दुसरं हाय ना कुठं? तिच्या माहेरी?"

"माहेरी दुकानातलं पेरतात. तिचं बी हितं हाय, नायतर कुठंच नाय." तिने उलथनं त्याच्यासमोर धरलं. "मी नाय उघडत. तू म्हणतोस ना तिचाच हात पायजे. आता तिचं म्हणून जे हाय ते या घरात तूच हायस. घे, नायतर बस वाट बघत."

मित्रांनो, मी माझ्या आयुष्यात पुष्कळ वाट पाहिली आहे. पण त्या चार श्वासांएवढी लांब वाट मी पाहिली नाही. पोटात बी तापत होतं आणि तोंडावर एका मेलेल्या बाईचा हात होता.

इंद्रजीतने उलथनं घेतलं.

त्याने पंजा सोडून कडेकडेने थर खरवडायला सुरुवात केली. त्याला तो पंजा अख्खा काढून ठेवायचा होता. इतक्या हळू हाताने त्याने कधी भाकरीही मोडली नसेल. पण वाळलेली शेणमाती ती. अर्ध्यात आल्यावर एक भेग मनगटाकडून निघाली, बोटांच्या मधून गेली, आणि पंजाचे सात-आठ तुकडे होऊन आत पडले. त्याच्या हातात फक्त वाकड्या करंगळीचा तुकडा राहिला.

त्याने तो शर्टाच्या खिशात ठेवला. माझ्या तोंडातून ऊन वाफ आली आणि आंबूस वास घरभर झाला.

"मेलं का सगळं?" त्याने विचारलं.

धोंडाबाईने वरचं बी बाजूला सारलं, कमरेपर्यंत आत वाकली आणि बुडाकडची मूठ वर काढली. तांबडे दाणे, आणि प्रत्येकाला पांढरं, दोऱ्याएवढं टोक.

"मेलं नाय. मोड आलेत."

रश्मी ते दाणे बघत हळूच म्हणाली, "पौलाला कुणी विचारलं, मेलेले कसे उठतील, तर तो त्या माणसाला खुळा म्हणाला होता. म्हणाला, पेरलेल्या दाण्याकडे बघ. मेल्याशिवाय तो येत नाही, आणि येतो तेव्हा पेरला होता तसा येत नाही."

मित्रांनो, या बाबतीत त्या तंबूवाल्याने आधी मला विचारायला हवं होतं. बी मेलेलं मी पाहिलं आहे, ते काळं पडतं आणि परत येत नाही. जे येतं ते मेलेलं नसतं. पण एक त्याचं खरं आहे. जो दाणा आत टाकला, तो पुन्हा कुणाला सापडत नाही. सापडतं ते हिरवं. त्याचं मला अर्धं पटलं असं म्हणेन.

"पण राब भाजल्याला नाय," इंद्रजीत म्हणाला. "पेरू कुठं?"

"नको राब. मोड आल्यालं बी चिखलात फोकतात, त्याला रहू म्हणतात. तुझ्या आज्यानं एकदा केला व्हता, राब पावसानं गेला तेव्हा. विहिरीखालचा तुकडा ओला हाय. फावडं घे. आजच्या आज. उद्या हे मोड सुकतील. रश्मी, तू सूप आन पाट्या घे, ती कापडं खोच वर!"

मग माझ्या पोटात हात, सूप आणि पाट्या यांची गर्दी झाली. वरचं कोरडं बी वेगळं काढलं, मोडाचं वेगळं. काही काळं पडलं होतं, ते धोंडाबाईने मुकाट्याने बाजूला टाकलं. तेही बरंच होतं. उशिराची किंमत असतेच. मी दारातून पाहत होते. इंद्रजीत गुडघाभर चिखलात उतरला होता, फावड्याने चिखल सारखा करत होता. पाच महिने माझ्याविना उभा राहू न शकणारा माणूस. मग त्याने पाटी कमरेला लावली आणि मूठमूठ बी फोकायला सुरुवात केली. काठावरून धोंडाबाई ओरडत होती, "पातळ! पातळ टाक! घरात भांडणं कमी हायत का, तर त्यांनाही एकमेकांत भांडाया लावतोस?"

मी रिकामी झाले होते. मित्रांनो, तुमच्या घरात एखादी जुनी कणगी असेल तर तिच्यावर बादल्या ठेवू नका. तिच्या बुडाला ओल लागू देऊ नका. दोन महिन्यांनी अंगावर शेणमातीचा हात फिरवा. तिच्या तोंडावर कुणाचा पंजा असेल तर तो जपा, जरूर जपा. पण पेरणीच्या दिवसाला तो फोडा. पंजा बी राखायला असतो, बी पंजा राखायला नसतं. एवढी साधी गोष्ट सांगायला मला पाच महिने भेगा सोसाव्या लागल्या.

दिवेलागणीला इंद्रजीत परत आला. अंगभर चिखल. शर्टाच्या खिशात करंगळीचा तुकडा. कुणी न सांगता त्याने सरकलेलं कौल बसवलं, शेण आणि माती कालवली आणि माझ्या बुडाशी बसून भेगा लिंपायला लागला. या खेपेला माझ्याकडे पाठ नव्हती, तोंड होतं. रहू फसलाच तर पुन्हा पेरायला म्हणून कोरडं उरलेलं बी त्याने परत आत ओतलं, पानं ठेवली, थर दिला. हात उचलला आणि अडला. मग धोंडाबाईकडे न बघता विचारलं,

"आये, येईल का गो ती?"

धोंडाबाई उंबऱ्यावर पाय चोळत बसली होती. मला वाटलं, म्हातारी आता काहीतरी गोड बोलेल. मीही तिला इतक्या वर्षांत ओळखलं नाही म्हणायचं.

"मला नाय ठाऊक," धोंडाबाई म्हणाली. "आली, तर पैल्यांदा शेतावर जाऊन बी बघंल, मग तुझ्याकडं. पण एक ऐक, इंद्रजीत. पाच महिने तू वाट बघत नव्हतास रे. नुसता बसला व्हतास. वाट बघाया तू आज सुरवात केलीस. दाब आता पंजा, माती सुकते."